प्रतिकारशक्ती क्षीण असलेल्या वृद्धांसाठी फ्लूची लस

फ्लूची (इन्फ्लुएन्झा) लस ही दरवर्षी घ्यावी लागणारी प्रतिबंधक लस आहे. केमोथेरपी, अवयव प्रत्यारोपण किंवा स्टिरॉइडचा दीर्घकाळ वापर यांमुळे प्रतिकारशक्ती क्षीण झालेल्या वृद्धांना फ्लूचा धोका अधिक असतो आणि लसीचा परिणामही त्यांच्यावर कमी होतो. त्यामुळे लसीची निवड महत्त्वाची ठरते.

लसीचा प्रकार

पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने २०१० मध्ये स्वाइन फ्लूवर नाकावाटे देण्याची 'नॅसोव्हॅक' लस आणली. अशा लसीतील विषाणू दुर्बल केलेला असला तरी जिवंत असतो. म्हणून या रुग्णांना ती देत नाहीत. त्यांना निष्क्रिय विषाणूची, टोचून द्यावयाची लस योग्य. नेहमीच्या लसीत प्रत्येक विषाणूप्रकाराचे १५ मायक्रोग्रॅम प्रतिजन असते, तर उच्च मात्रेच्या लसीत ६०. अमेरिकेत २०२२ पासून ६५ वर्षांवरील व्यक्तींसाठी उच्च मात्रेच्या, पुनःसंयोजित किंवा सहायक द्रव्ययुक्त लसीला प्राधान्य आहे. ती न मिळाल्यास नेहमीची लस घ्यावी. थांबून राहणे अधिक धोक्याचे.

वेळ

महाराष्ट्रात फ्लू प्रामुख्याने पावसाळ्यात बळावतो. म्हणून ठाणे-कल्याण पट्ट्यात एप्रिल-मे हा काळ सोयीचा. अमेरिकेतील ऑक्टोबरचे वेळापत्रक येथे जसेच्या तसे लागू पडत नाही. केमोथेरपी ठरली असल्यास शक्यतो दोन आठवडे आधी लस घेतात.

रुग्णासोबत राहणाऱ्यांनीही लस घेणे इष्ट असते. दिव्याहून रोज खचाखच भरलेल्या लोकलने प्रवास करणारी व्यक्ती संसर्ग घरी आणू शकते. राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात ही लस नसल्याने खर्च बहुधा कुटुंबालाच करावा लागतो.