किल्ल्यावरची चित्रे : रंगकाम

दिवाळीत मुले अंगणात बांधतात त्या मातीच्या किल्ल्यावर मांडायच्या छोट्या मूर्ती : मावळे, गवळणी, सिंहासनावरचे शिवाजी महाराज. विकतची चित्रे बहुधा भडक असतात, म्हणून ती पुन्हा रंगवणे हा चांगला सराव. आधी पांढरे अस्तर, मग अंगाचा रंग, शेवटी कपडे. रंग पातळ, थर दोन. अंगरख्याच्या चुण्यांत पाणीदार गडद रंग सोडला की त्या खोल दिसतात. जवळजवळ कोरड्या कुंचल्याने उंचवटे उजळतात. पेणच्या गणेशमूर्तींप्रमाणे डोळ्यांची आखणी सर्वांत अवघड. बोटभर मावळ्याला मात्र ठिपकाच पुरतो. बुबुळ काढायला गेले की तो दचकलेला दिसतो.