आमच्या गावचे कंपाउंडर

नशिराबादच्या बाजारपेठेत, आमच्या लहानपणी, एक दोन खणांचा दवाखाना होता. पुढच्या खोलीत बाकडी, मागच्या खोलीत डॉक्टरांचे टेबल, आणि दोन्हींच्या मध्ये लाकडी फळीला एक चौकोनी खिडकी. त्या खिडकीमागे आमचे कंपाउंडर बसायचे. पांढरा पायजमा, वर हाफ शर्ट, कानावर पेन्सिल. घरून धुऊन नेलेली बाटली खिडकीतून आत सरकवायची. ते मोठ्या बरण्यांतून औषध मोजून ओतत, पाणी घालत, बूच लावून हलवत. मग कागदाची पट्टी घडी करून कात्रीने टोके उडवत आणि खळीने बाटलीला चिकटवत. एका खुणेपासून दुसऱ्या खुणेपर्यंत एक डोस. न शिकलेल्या बाईलाही ती पट्टी वाचता यायची.

डॉक्टर जळगावहून येत. अंतर आठ-दहा किलोमीटरच; पण एसटी चुकली की दुपार व्हायची. पावसाळ्यात कधी येतच नसत. कंपाउंडर मात्र गावातलेच. रात्री-बेरात्री कडी वाजली की ती त्यांच्याच दाराची. शिकले होते सातवीपर्यंत. 1958 च्या सुमारास दवाखान्यात झाडलोट करायला लागले आणि पाहून पाहून कंपाउंडर झाले. गावातले निम्मे लोक त्यांनाच ‘डाक्टर’ म्हणत. ते हसत, पण नको म्हणत नसत.

आता मागे वळून पाहिले म्हणजे कळते, की त्या खिडकीमागचा माणूस कायद्याच्या किती बारीक रेघेवर बसला होता. आपल्याकडे वैद्यकीय नोंदणीचा कायदा जुना आहे. मुंबई इलाख्यात तो 1912 सालीच झाला. 1938 च्या कायद्याने वैद्य-हकिमांचीही नोंद सुरू झाली. 1948 साली फार्मसी कायदा आला. त्याने अनुभवी कंपाउंडरांना एक दार उघडून दिले होते: डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषधे बनवण्याचे पाच वर्षांचे काम झालेले असेल, तर पहिल्या नोंदवहीत नाव घालता येई. आमचे कंपाउंडर कामाला लागले तोवर ते दार बंद झाले होते. डॉक्टरला स्वतःच्या रोग्यांना औषध देण्याची सूट होती, तेवढ्या सावलीत ते बाटल्या भरत. डॉक्टर आत असले की ते मदतनीस. डॉक्टर जळगावला असले आणि यांनी सुई टोचली की तोच माणूस गुन्हेगार. 1961 चा महाराष्ट्राचा कायदा काय, 1956 चा केंद्राचा कायदा काय, नोंदणी नसताना वैद्यकी करणे दोन्हींत गुन्हा होता. गावाला यातले काही ठाऊक नव्हते. खरे म्हणजे कंपाउंडरांनाही नव्हते.

बहात्तरच्या दुष्काळानंतरची गोष्ट. कपाशीच्या शेतात काम करणाऱ्या एका गड्याचा पाय काटा रुतून सुजला होता. डॉक्टर आले नव्हते. गड्याचा भाऊ खिडकीशी अडून बसला. “भो, काल मले दिली तीच सुई याले दे. डाक्टर काय येगळं देतो?” कंपाउंडरांनी आधी नाही म्हटले. मग काचेची सिरिंज उकळत्या पाण्यातून काढली आणि पेनिसिलीन दिले. आधी थोडे टोचून पाहायचे असते, ते राहिले. पाच मिनिटांत गड्याला दरदरून घाम फुटला, श्वास अडकला, नाडी लागेना. डॉक्टर अशा वेळी कोणती कुपी फोडतात ते कंपाउंडरांनी पाहिले होते. त्यांनी थरथरत्या हाताने ती फोडली, टोचली आणि गड्याला मालट्रकमध्ये घालून जळगावच्या सिव्हिलला नेले. गडी वाचला.

पण चौकशी झाली. पोलिसांचा प्रश्न एकच होता: “कोणाच्या सांगण्यावरून दिलंस?” डॉक्टर म्हणाले, मी सांगितले नव्हते. ते खरेच होते. आजवर अशा कितीतरी सुया त्यांच्या माघारी दिल्या गेल्या होत्या आणि संध्याकाळी त्यांचे पैसे गल्ल्यात मोजले गेले होते, हेही खरे होते. पण ते कोणी विचारले नाही. गड्याच्या भावाने जबाबात “आम्हीच हट्ट केला” असे सांगितले, म्हणून प्रकरण तिथेच मिटले. कंपाउंडरांनी त्या दिवसापासून सिरिंजला हात लावला नाही.

पुढच्याच हिवाळ्यात आमच्या चुलत्यांच्या धाकट्या मुलीची छाती भरली. दोन वर्षांची पोर. रात्रीचे अकरा वाजलेले. काकू तिला पदरात घेऊन त्यांच्या दारात गेली. “पोरीले धाप लागली भो, काहीतरी दे.” कंपाउंडर उंबऱ्यातच उभे राहिले. “मले नका सांगू वहिनी. जयगावले न्या.” गाडी मिळेपर्यंत उजाडले. पोर वाटेतच गेली. ज्या गावाने आदल्या वर्षी ‘सुई कशाला दिली’ म्हणून त्यांना बोल लावला, तेच गाव आता ‘सुई का नाही दिली’ म्हणून बोलू लागले. काकू कितीतरी वर्षे त्यांच्या घरावरून गेली नाही.

कायद्याच्या बाजूने पाहिले तर दुसऱ्या वेळी ते बरोबर वागले. न शिकलेल्या हाताचा धोका खोटा नाही. 1996 साली सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतल्या एका होमिओपॅथी डॉक्टरच्या प्रकरणात सांगितले, की जी पद्धत आपण शिकलो नाही तिची औषधे देणे हाच मुळात निष्काळजीपणा. शिकलेल्या डॉक्टरची ही गत, तर पाहून शिकलेल्या कंपाउंडरचे काय? 2002 च्या नियमांत डॉक्टरांनाही बजावले आहे, की जिथे वैद्यकीय कौशल्य लागते तिथे बिननोंदणीच्या मदतनिसाला रोग्यावर उपचार करू देऊ नका. म्हणजे जबाबदारी गल्ल्यावर बसणाऱ्याचीही आहे.

पण प्रश्न तेवढ्यावर सुटत नाही. तिकडे जामखेडला डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी 1970 पासून खेड्यातल्या बायांना आरोग्याचे काम शिकवले. 2 ऑक्टोबर 1977 ला सरकारने गावोगाव आरोग्यरक्षक नेमायची योजना काढली: हजार वस्तीला एक माणूस, तीन महिन्यांचे शिक्षण, महिना 50 रुपये. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्या आरोग्यसेवकांना आणि दायांना मुलांचे श्वास मोजायला आणि न्यूमोनियाच्या गोळ्या-औषध द्यायला शिकवले. 1990 साली त्याचे आकडे छापून आले. पाच वर्षांखालच्या दर हजार मुलांमागे न्यूमोनियाचे मृत्यू इतर गावांत 17.5, आणि या गावांत 8.1. पुढे तिथल्या गावातल्या बायकांनी नवजात बाळांना इंजेक्शनेही दिली.

हे आकडे मी प्रथम वाचले तेव्हा मला काकूचा पदर आठवला. त्या बाया काही आमच्या कंपाउंडरांपेक्षा जास्त शिकलेल्या नव्हत्या. फरक एवढाच होता, की काय करायचे, किती करायचे आणि कुठे थांबून दवाखान्यात पाठवायचे, हे त्यांना कोणीतरी बसून शिकवले होते, पुन्हा पुन्हा तपासले होते, आणि त्यांच्या पाठीशी नावानिशी उभे राहिले होते. आमच्या कंपाउंडरांच्या पाठीशी कोणी नव्हते. बाटलीवर खुणांची पट्टी होती, त्यांच्या कामाला पट्टी नव्हती.

2019 च्या नव्या वैद्यक आयोग कायद्यात बिननोंदणीच्या वैद्यकीला एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. त्याच कायद्यात मर्यादित परवान्याच्या आरोग्यसेवकांचीही तरतूद आहे, आणि तिला डॉक्टरांच्या संघटनांनी कडाडून विरोध केला. दोन्ही बाजूंचे ऐकताना मला पटते दोघांचेही. न शिकलेल्या हाती सुई नको, हेही खरे. आणि रात्री अकरा वाजता दार वाजणारच, हेही खरे.

आता जळगावात 2018 पासून सरकारी मेडिकल कॉलेज आहे, हमरस्ता रुंद झाला आहे, फोन केला की रुग्णवाहिका येते. तरी रात्री पोर तापले की गावातली बाई आधी आशाताईचेच दार वाजवते. ताईच्या पिशवीत काय आहे आणि काय नाही, हे लिहून ठरलेले आहे. ते पाहून बरे वाटते.

कंपाउंडर शेवटी पेठेतच किराणा दुकान टाकून बसले. म्हातारपणी एकदा मी त्यांना त्या रात्रीबद्दल विचारले. त्यांनी पुडीचा दोरा बांधून होईपर्यंत उत्तर दिले नाही. मग म्हणाले, “औषध होतं रे घरात. हिंमत नव्हती.”