ताणलं जाणारं कापड

आपण ज्याला टीशर्टचं कापड म्हणतो, त्याला आमच्या गल्लीतले टेलरकाका अजूनही ‘होजिअरी’च म्हणतात. शब्द जुना आणि अचूक आहे. होज म्हणजे पायमोजे. 1589 च्या सुमारास नॉटिंगहॅमशायरच्या विल्यम लीने मोजे विणायचं यंत्र बनवलं. राणी एलिझाबेथने पेटंट नाकारलं. हाताने विणणाऱ्यांच्या पोटावर पाय येईल म्हणून, असं सांगतात. ली फ्रान्सला गेला, तिथेच वारला. यंत्र मात्र टिकलं.

साध्या कापडात उभे-आडवे धागे एकमेकांना धरून असतात. होजिअरीत धागा फासे घालत जातो. ओढलं की फासे रुंदावतात, सोडलं की मिटतात. हे कापड बराच काळ मोज्यांत नि आतल्या कपड्यांतच राहिलं. 1916 मध्ये कोको शानेलने रोदिएकडून जर्सी घेऊन बाहेर घालायचे कपडे केले. फॅशनची पुस्तकं इथे टाळ्या वाजवतात. मला मात्र ते कापड शिवायचं कसं, हा प्रश्न जास्त मोठा वाटतो.

कारण घरच्या मशीनचा सरळ टाका ताणला जात नाही. डोक्यातून टॉप घालताना कापड पसरतं, दोरा पसरत नाही, आणि शिलाई कटकट तुटते. कारखान्यांना 19 व्या शतकाच्या अखेरीस उत्तर मिळालं: अमेरिकेतल्या मेरो कंपनीचं ओव्हरलॉक, ज्याची शिलाई स्वतःच फाशांची असते. घरी वापरता येईल असं छोटं ओव्हरलॉक जपानमध्ये निघालं ते थेट 1960 च्या दशकात. त्याच सुमारास ऑरेगनमध्ये ॲन पर्सन नावाची बाई साध्या घरगुती मशीनवर होजिअरी शिवायला शिकवत होती. तिच्या ‘स्ट्रेच अँड सो’ची पुढे दुकानांची साखळीच झाली.

आमच्याकडे काळी, पायाची मशीन होती. फक्त सरळ टाका. आईने पोलक्यांपासून दप्तरापर्यंत सगळं तिच्यावर शिवलं, टीशर्ट कधीच नाही. तो तिरुप्पूरहून तयार यायचा. टीशर्ट विकतच घ्यायचा असतो, असं मला वाटायचं. पण ती मशीनची मर्यादा होती, त्याला आम्ही रीत समजलो.

स्तनाच्या ऑपरेशननंतर आईच्या उजव्या हाताला कायमची सूज राहिली. डावा दंड 11 इंच, उजवा 13. आवळणारी बाही तिला चालत नाही, आणि सूज दिसू नये म्हणून लांब बाहीच हवी असते. दुकानातला टॉप दोन्ही हात सारखे धरूनच बेतलेला. दोन साइझ मोठा घेतला तर गळा खांद्यावरून घसरतो.

म्हणून मी झिगझॅगची मशीन घेतली आणि बॉल पॉइंट सुई. हिचं टोक गोलसर, ती धागा न तोडता बाजूला सारते. डावी बाही दंडापेक्षा अर्धा इंच कमी बेतली. ताणून छान बसते. उजवी दीड इंच जास्त. नुसती बाही रुंद करून भागत नाही, मुंढाही तेवढाच खाली उतरवावा लागतो, नाहीतर काखेत चुण्या पडतात.

आईने टॉप उलटा करून आधी शिलाई ओढून पाहिली, दोन्ही हातांनी, चांगली जोरात. मग म्हणाली, “पुढचा मोरपंखी कर. आणि मनगटाशी अजून थोडं सैल.”