जितराबाची निवड आणि कातड्याचे मोल

मांसासाठी गुरे पाळणाऱ्या देशांत वळू निवडताना शवगुण, म्हणजे जिवंत वजनाच्या प्रमाणात हाती येणारे मांस, पाठीवरील चरबीची जाडी यांसारखे कत्तलीनंतर मोजले जाणारे गुण, विचारात घेतात. एखादा गुण एका मात्रेने सुधारल्यास नफा किती वाढेल, हा त्याचा आर्थिक भार, आणि असे भार जोडून निवडीचा निर्देशांक बांधण्याची रीत लॅनॉय हेझेल या अमेरिकी संशोधकाने १९४३ मध्ये मांडली. कोल्हापूरच्या शेतकऱ्याचा हिशेब यापेक्षा कमी काटेकोर नव्हता, मात्र तो जनावराच्या मरणापाशी थांबत असे. मोट, नांगर आणि गुऱ्हाळाचा चरक ओढणारा खिल्लार बैल निवडताना त्याची चाल, घट्ट खूर आणि अंगाला चिकटलेली तलम कातडी पारखली जाई. जाड कातडी हा त्या पारखीत दोषच होता.

कमावणाऱ्याला मात्र जाड कातडेच हवे होते, आणि निवडीत त्याला शब्द नव्हता. बलुतेदारीत अनेक गावांत मेलेले जनावर ओढून नेण्याचे काम व त्यावरील हक्क महारांकडे (हक्क हा शब्द येथे जपूनच वाचावा लागतो), बाभळीची साल व हिरडा वापरून कातडे कमावण्याचे काम ढोरांकडे, तर चपला शिवण्याचे चांभारांकडे असे. अशा रीतीने शवाचे मोल मालकाच्या वहीबाहेर पडे, आणि ज्या गुणाचा लाभ पैदास करणाऱ्याला मिळत नाही, तो पैदाशीत जोपासला जात नाही. शाहू महाराजांनी १९१८ मध्ये महार वतन रद्द केले आणि १९२७ मध्ये महाड येथे डॉ. आंबेडकरांनी मृत जनावराचे मांस सोडण्याचे आवाहन केले, तेव्हा ही वाटणी मुळापासून हलू लागली, परंतु बैलाची पारख बदलली नाही.

पुढे १९७६ च्या महाराष्ट्र पशुसंरक्षण अधिनियमातील गोहत्याबंदी २०१५ च्या दुरुस्तीने बैल व वळूंनाही लागू झाली, त्यामुळे खिल्लाराच्या शवगुणांना कायदेशीर बाजारही उरला नाही. म्हैस या बंदीबाहेर राहिली. २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या कोल्हापुरी चपलेचा जाड तळवा तिच्याच कातड्यातून येतो. तरीही पंढरपुरी म्हशीची रेडी ठेवताना गोठ्यात पाहिले जाते ते तिच्या आईचे दूध आणि खांद्यापलीकडे जाणारी शिंगे.