अंधाराची भीती आणि मुलाचे एकट्याने झोपणे

लहान मुलाची अंधाराची भीती घालवून त्याला एकट्याने झोपायला शिकवावे, हा सल्ला पालकांसाठीच्या पुस्तकांत सर्रास आढळतो. तो वाचताना तुम्ही दोन प्रश्न वेगळे ठेवा: भीती कशी घालवावी, आणि मुलाने एकटे का झोपावे? दोहोंचा इतिहास एक नाही.

पहिला प्रश्न जुना आहे. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक याने १६९३ मध्ये शिक्षणविषयक विचारांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. नोकरचाकर मुलांना धाकात ठेवण्यासाठी भुताखेतांच्या गोष्टी सांगतात आणि ती मुले मग पुढेही अंधाराला भितात, अशी त्यात त्याची तक्रार आहे. (दोष नोकरांवर टाकणे मालकवर्गाच्या सोयीचे होते, हेही ध्यानात घ्या.) आपला बागुलबुवा याच जातीचा. बंगालमध्ये हे काम खुद्द मराठ्यांकडे आले. १७४० च्या दशकातील नागपूरकर भोसल्यांच्या स्वाऱ्यांची आठवण तेथील अंगाईगीतात 'बर्गी' या शब्दाने टिकून आहे. हा शब्द म्हणजे आपला 'बारगीर'.

भीती ही शिकलेली गोष्ट आहे, हा विचार विसाव्या शतकात प्रयोगशाळेत गेला. १९२० मध्ये जॉन वॉटसन आणि रोझाली रेनर यांनी अल्बर्ट नावाच्या तान्ह्या मुलाला पांढऱ्या उंदराची भीती मुद्दाम लावली. आज असा प्रयोग कोणी करू देणार नाही. १९२४ मध्ये मेरी कव्हर जोन्स यांनी उलट वाट दाखवली. पीटर हा जेमतेम तीन वर्षांचा मुलगा सशाला भीत असे. तो खात असताना पिंजऱ्यातला ससा हळूहळू जवळ आणला गेला. शेवटी पीटर त्याला कुरवाळू लागला.

वॉटसनने १९२८ च्या आपल्या पुस्तकात हीच रीत झोपेला लावली. मुलाला नेहमीच्या वेळी निजवा, दार उघडे आणि बाहेर मंद दिवा ठेवा. मग रोज दार थोडे अधिक लोटा, दिवा आणखी मंद करा. तीन-चार रात्री पुरतात, असे तो म्हणतो. उपाय समंजस आहे. पण त्याच पुस्तकात मुलांना मिठीत किंवा मांडीवर घेऊ नका, फार तर रात्री कपाळाचा एक मुका घ्या आणि सकाळी हस्तांदोलन करा, असेही सांगितले आहे! इथे दुसरा प्रश्न पुढे येतो. दार लोटण्याची रीत प्रयोगातून आली; मूल वेगळ्या खोलीतच हवे, हा आग्रह मात्र अमेरिकन मध्यमवर्गीय घरातून आला. १९४६ मध्ये बेंजामिन स्पॉक यांनी वॉटसनचा कोरडेपणा टाकला, वेगळी खोली टाकली नाही.

रिचर्ड श्वेडर आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये भुवनेश्वरमधील कुटुंबांविषयी लिहिले. घरात कोणी कोणाजवळ झोपावे, हे ठरवताना तेथील लोक दुर्बलाचे रक्षण महत्त्वाचे मानत. अमेरिकन लोक नवरा-बायकोचा एकांत आणि मुलाचे स्वावलंबन पाहत. लहान मुलाला रात्री एकटे ठेवणे भुवनेश्वरच्या त्या घरांना हेळसांड वाटे.