सांगून ठेवलेले यंत्र

रत्नागिरीच्या उत्तरेला, उक्षी आणि भोके या स्थानकांच्या मधे, कोकण रेल्वेचा करबुडे बोगदा आहे. लांबी साडेसहा किलोमीटर. काश्मीरमधला पीर पंजाल बोगदा २०१३ मध्ये सुरू होईपर्यंत देशातला सर्वांत लांब रेल्वे बोगदा हाच होता. रत्नागिरीच्या दक्षिणेला निवसरकडे जाताना पानवल नदीवरचा पूल लागतो, तो ६४ मीटर उंच. रोह्यापासून ठोकूरपर्यंत ९१ बोगद्यांतून जाणारा हा मार्ग १९९८ च्या जानेवारीत पुरा झाला, तेव्हा तो एकेरी होता. समोरासमोरच्या गाड्या एकमेकींना भेटणार त्या स्थानकाच्या लूप लाईनवर; मधे कुठे भेटल्या तर तो अपघातच. प्रवाशाला हा एकेरीपणा जाचतो, कारण क्रॉसिंगसाठी गाडी अर्धा-अर्धा तास आडस्थानकात उभी राहते. यंत्र बनवणाऱ्याला मात्र ती मोठी सवलत आहे. आपण कोणत्या रुळावर आहोत, हा प्रश्न इंजिनावरच्या छोट्या संगणकाला एकेरी मार्गावर स्थानकाच्या हद्दीबाहेर पडतच नाही. छोट्या यंत्राने भोवतालचे जग चालता चालता स्वतः ओळखायचे, की ते त्याला आधीच सांगून ठेवायचे, हा या धंद्यातला जुना वाद आहे. जिथे निवड थोडी तिथे ओळखणे निभते; जिथे निवड वाढते आणि चूक महाग पडते तिथे सांगूनच ठेवावे लागते, असे माझे मत आहे. त्याला पुरावा कोकण रेल्वेच्या एका उपकरणाच्या इतिहासात मिळतो, आणि त्याच वर्षांत लिनक्सच्या कर्नेलमध्ये, म्हणजे संगणक चालवणाऱ्या प्रणालीच्या गाभ्यात, मॉड्यूल चढवणाऱ्या साधनांचे जे झाले त्यातही मिळतो.

२ ऑगस्ट १९९९ रोजी पश्चिम बंगालमधल्या गैसाल इथे दोन गाड्या एकमेकींवर आदळल्या आणि अडीचशेहून अधिक माणसे गेली. त्यानंतर कोकण रेल्वेत बी. राजाराम यांच्या पुढाकाराने टक्करविरोधी उपकरणाची कल्पना आकाराला आली. पुढे ते ‘रक्षाकवच’ या नावानेही ओळखले गेले. इंजिनावर, गार्डाच्या डब्यात, स्थानकात आणि फाटकावर एकेक पेटी. पेटीत सूक्ष्मप्रक्रियक, उपग्रहावरून जागा सांगणारा जीपीएस आणि सुमारे तीन किलोमीटरच्या टापूत बोलणारा रेडिओ. धोका दिसला की ब्रेक आपोआप लागायचे. रुळांवर काहीच बसवायचे नव्हते, आणि या योजनेचे सगळे आकर्षण त्यातच होते. वेळही जुळून आली होती. नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक अमेरिकेने मे २००० मध्ये काढून टाकली, आणि शंभर मीटरच्या घरातली अचूकता दहा-वीस मीटरवर आली. पण शेजारशेजारच्या दोन रुळांच्या मध्यांत अंतर असते पाचेक मीटरांचे. मग गाडी कोणत्या रुळावर आहे हे ठरवायचे कसे? त्यासाठी काढलेली युक्ती चतुर होती. रूळ जिथे फुटतात त्या सांध्यावरून जाताना गाडीची वाट किंचित वळते. ती वळणे मोजायची आणि त्यावरून रूळ ताडायचा. म्हणजे यंत्राने आपली जागा प्रवासातल्या खुणांवरून स्वतःच शोधून काढायची.

ईशान्य सीमांत रेल्वेवर, मुख्यतः एकेरी आणि वीज नसलेल्या सुमारे १,७०० किलोमीटर मार्गावर, ही उपकरणे बसली. पुढे सुधारित आवृत्ती दक्षिण रेल्वेच्या विद्युतीकृत, अनेक रुळांच्या, स्वयंचलित सिग्नलांच्या पट्ट्यात तपासली, तेव्हा मात्र अडचणी सुटल्या नाहीत आणि रेल्वेने दुसरी वाट धरली. त्या वाटेवर २०१२ पासून जे घडत गेले त्याला २०२० मध्ये राष्ट्रीय स्वयंचलित गाडी संरक्षण प्रणाली म्हणून मान्यता मिळाली. त्याचे नाव ‘कवच’. नावे सारखी असली तरी तत्त्व उलटे आहे. कवचात स्लीपरवर ठरावीक ठिकाणी आरएफआयडी टॅग ठोकलेले असतात. इंजिन त्यावरून गेले की टॅग सांगतो, तू अमुक रुळावर अमुक ठिकाणी आहेस. ताडण्याचा भाग उरत नाही. खर्च वाढला, रुळांवर माणसे पाठवावी लागली. ज्या कारणासाठी जुने उपकरण आवडले होते तेच कारण सोडून द्यावे लागले.

आता संगणकाच्या पोटात शिरू. १९९१ मध्ये सुरू झालेला लिनक्सचा कर्नेल आधी एकसंध होता. जी उपकरणे चालवायची त्यांचे ड्रायव्हर कर्नेल तयार करतानाच त्यात घालायचे. १९९५ च्या १.२ आवृत्तीपर्यंत मॉड्यूल रुळले: ड्रायव्हर वेगळ्या फाइलीत ठेवून चालत्या कर्नेलला जोडता येऊ लागला. इन्समॉड ही आज्ञा एकच मॉड्यूल चढवते. डेपमॉड कोणते मॉड्यूल कोणावर अवलंबून आहे याची यादी करते. मॉडप्रोब ती यादी वाचून आधी लागणारी मॉड्यूल क्रमाने चढवते. पण ही हाक कोणी मारायची? १९९६ च्या २.० आवृत्तीत ते काम ‘कर्नेल-डी’ नावाच्या पार्श्वभूमीवर चालणाऱ्या प्रोग्रॅमकडे होते. १९९९ च्या २.२ मध्ये तो गेला आणि गरज पडली की कर्नेल स्वतःच मॉडप्रोबला बोलावू लागला. २००३ च्या अखेरीस आलेल्या २.६ मध्ये रस्टी रसेल यांनी मॉड्यूल जोडण्याचे, म्हणजे त्यातले पत्ते बसवण्याचे काम कर्नेलच्या आत नेले. एरवी कोरडा वाटणारा हा बदल छोट्या यंत्रांसाठी फार मोलाचा ठरला. तोवर प्रत्येक प्रक्रियकाच्या घडणीची माहिती इन्समॉडला ठेवावी लागे. आता फाइल वाचून कर्नेलच्या हवाली करण्यापुरतेच त्याचे काम उरले. त्याच वर्षी जोडलेल्या उपकरणांची दखल घेणारा यूडेव्ह हा प्रोग्रॅम आला. पीसीआय आणि यूएसबीची उपकरणे आपले निर्माता-क्रमांक स्वतः सांगतात. ते क्रमांक जुळवायचे आणि योग्य मॉड्यूल चढवायचे, अशी व्यवस्था पक्की झाली. २०११ च्या अखेरीस लुकास दे मार्ची यांनी जाहीर केलेल्या ‘केमॉड’ने या साधनांची जागा एका सॉफ्टवेअर लायब्ररीवर उभारलेल्या संचाला दिली, पण विचार तोच राहिला: यंत्र विचारेल, उपकरण उत्तर देईल.

टेबलावरच्या संगणकासाठी हे उत्तम आहे, कारण उद्या त्याला कोणता प्रिंटर जोडला जाईल हे कोणालाच ठाऊक नसते. पाकिटाएवढ्या बोर्डावर परिस्थिती वेगळी. तिथला तापमान मोजणारा संवेदक आय-टू-सी जोडणीच्या दोन तारांवर बसलेला असतो आणि आपण कोण हे सांगण्याची काही ठरलेली रीत त्याच्याकडे नसते. विचारून पाहावे तर भलत्याच चिपला भलती आज्ञा जाण्याची भीती. म्हणून एआरएम प्रक्रियकांच्या जगात प्रत्येक बोर्डाची माहिती वेगळ्या सी फाइलीत लिहिली जाई. तो पसारा इतका वाढला की २०११ च्या मार्चमध्ये कर्नेलचे जनक लिनस तोरवाल्ड्स जाहीरपणे वैतागले आणि ‘डिव्हाइस ट्री’कडे जाण्याला वेग आला. बोर्डावर काय, कोणत्या पत्त्यावर, कोणत्या तारेला जोडलेले आहे, याची ती लेखी यादी कर्नेलला सुरुवातीलाच दिली जाते. स्लीपरवर टॅग ठोकण्याचाच हा प्रकार. गंमत अशी, की या यादीतल्या नावांवरून मॉडप्रोब पुढे आपोआप मॉड्यूल शोधतो. म्हणजे शोध उरला, पण जे आधी सांगितले आहे त्याच्याच हद्दीत.

यातून मांडणीचे नियम निघतात. ज्या फ्लॅश स्मृतीवर फाइलप्रणाली आहे त्या स्मृतीचा ड्रायव्हर आणि त्या फाइलप्रणालीचा ड्रायव्हर कर्नेलमध्येच बांधून टाकावेत. ते मॉड्यूल म्हणून ठेवले, तर ज्या फाइलीतून ते चढवायचे ती फाइल वाचण्यासाठी तेच आधी लागतात. मग तात्पुरती प्रारंभिक फाइलप्रणाली आणून गुंता सोडवावा लागतो. बाकी ठरलेल्या उपकरणांची चार-पाच मॉड्यूल सुरुवातीच्या स्क्रिप्टमध्ये नावानिशी, क्रमाने लिहावीत. अवलंबनांची यादी यंत्रावर न करता कर्नेल जिथे तयार होतो त्या संगणकावरच डेपमॉड चालवून करावी; छोट्या यंत्रांसाठी लिनक्स तयार करणारी बिल्डरूटसारखी व्यवस्था हे करूनच देते. इथे बिझीबॉक्सबद्दल थोडे बोलायला हवे. १९९५ च्या सुमारास ब्रूस पेरेन्स यांनी डेबियन या लिनक्स-वितरणाची बसवणी एका फ्लॉपीत मावावी म्हणून तो लिहिला, आणि छोट्या यंत्रांनी तो आपलासा केला. त्यात मॉड्यूलसाठी एक ‘सुटसुटीत’ पर्याय आहे. तो जागा वाचवतो, पण तयार यादी वाचत नाही. मॉड्यूलच्या फाइली स्वतः चाळून अवलंबने काढतो. संथ फ्लॅशवर मॉड्यूल बरीच असतील, तर साधनात वाचवलेले किलोबाइट सुरू होण्याच्या वेळात फेडावे लागतात. मॉड्यूल चारच असतील तर हरकत नाही. तोही एकेरी मार्गच.

यावर पहिला आक्षेप अपेक्षित आहे: सगळेच ठरलेले असेल तर मॉड्यूल हवीत कशाला, सारे कर्नेलमध्ये बांधावे. पुष्कळ वेळा खरोखर तसेच करावे. पण काही ड्रायव्हरांना फ्लॅशवरच्या फर्मवेअर फाइली लागतात आणि फाइलप्रणाली जोडली जाण्याआधी त्या मिळत नाहीत. काही वायरलेस चिपा अधूनमधून गुंग होतात आणि ड्रायव्हर उतरवून पुन्हा चढवणे हाच इलाज ठरतो. शिवाय उशिरा लागणारी मॉड्यूल मागे ठेवली की मुख्य काम लवकर सुरू होते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि तो कोकणातूनच येतो. २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ दरडीमुळे गाडी घसरली आणि पन्नासहून अधिक प्रवासी मरण पावले. पुढच्याच जूनमध्ये करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्सप्रेसला अपघात झाला. दरड कोणत्या यादीत लिहिणार? तिला शोधावेच लागणार. मान्य. पण कोकण रेल्वेने दिलेल्या उत्तराचे स्वरूप पाहा. डोंगरउतारांवर जाळ्या आणि भिंती आल्या, गस्त वाढली, आणि पावसाळी वेळापत्रकाने गाड्यांचा वेग आधीच उतरवला. मुसळधार पावसात पुढचे दिसेनासे झाले तर ताशी ४० किलोमीटरच्या वर जायचे नाही, अशी चालकांना सूचना असते. दरड कुठे पडेल हे सांगता येत नाही, पण अज्ञाताला किती जागा सोडायची हे ठरवता येते. छोट्या यंत्रात हे काम वॉचडॉग करतो: ठरलेल्या वेळात चालत्या प्रोग्रॅमची खूण आली नाही तर यंत्र पुन्हा सुरू. शोधाला वाव आहे, पण त्याची मर्यादा आधी लिहिलेली.

तिसरा आक्षेप असा, की सांगितलेले चुकीचे असेल तर? डिव्हाइस ट्रीत व्होल्टेज चुकले तर चिप जळू शकते. ताडण्यात चुकलेले यंत्र कदाचित नुसते अडखळले असते. हा धोका मी नाकारत नाही. फरक तपासणीत आहे. लिहिलेली चूक यंत्र कारखान्यात असतानाच वाचता येते, दुसऱ्या माणसाला दाखवता येते. ताडण्यातली चूक मात्र गाडी धावत असताना, नेमक्या त्या सांध्यावर, उपग्रह नेमक्या त्या जागी असतानाच उघडी पडते.

लिहिलेले जुने होते, ही मात्र या पद्धतीची खरी किंमत आहे. २०२१ मध्ये रोहा ते वीर हा टप्पा दुहेरी झाला, २०२२ मध्ये सगळ्या मार्गाचे विद्युतीकरण पुरे झाले. एकेरी, डिझेलच्या कोकण रेल्वेसाठी जे गृहीत धरले होते त्यातले बरेच काही बदलले. कर्नेलमध्ये या जुनेपणावर एक बंदोबस्त आहे. मॉड्यूलची फाइल ज्या आवृत्तीसाठी तयार झाली तिचा शिक्का घेऊन येते, मॉडप्रोब चालत्या कर्नेलच्या आवृत्तीच्या नावाच्या निर्देशिकेतच शोधतो, आणि शिक्का जुळला नाही तर कर्नेल मॉड्यूल नाकारतो. प्रत्यक्ष जागेवर गेलेला तंत्रज्ञ अशा वेळी सक्तीने चढवण्याचा पर्याय वापरून काम भागवू पाहतो, आणि बऱ्याचदा ते भागतेही. म्हणून जी पेटी वर्षानुवर्षे कोणी उघडणार नाही तिचा कर्नेल तयार करतानाच सक्तीचा तो पर्याय बंद ठेवावा, आणि कर्नेल व मॉड्यूल वेगवेगळी न पाठवता एकाच प्रतिमा-फाइलीत बांधून, दोन्ही एकदम बदलावीत.