अंतरावरची शाळा

शिकायचे तर घर सोडून गुरूपाशी जायचे, ही आपली जुनी रीत. १९५० साली डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, महाविद्यालय काढले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून नावारूपास आले. खेड्यापाड्यांतली मुले वसतिगृहात येऊन राहिली, पदवीधर झाली. पण ज्याला घर सोडताच येत नाही, त्याने काय करायचे?

या प्रश्नाचे एक उत्तर त्याच सुमारास दूर ऑस्ट्रेलियात सापडले. तिथल्या वाळवंटी मुलखात शेजारचे घर म्हणजे मैलोगणती दूर! १९५१ साली ॲलिस स्प्रिंग्ज येथे आकाशशाळा सुरू झाली. मुले घरीच बिनतारी यंत्रापुढे बसत. आपल्या रेडिओवर एकाने बोलायचे आणि बाकीच्यांनी ऐकायचे. तिथे मात्र मूलही बाईंना उलट प्रश्न विचारू शके. सारी खुबी त्यातच होती.

आपल्याकडे १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. पुस्तक घरी वाचायचे, पण शंका विचारायला अभ्यासकेंद्र, आणि तिथे संमंत्रक. म्हणजे पुस्तकाच्या जोडीला माणूस ठेवलाच होता.

पुढे संगणकाचे जाळे आले. लहानपणी अशाच एका आकाशशाळेत शिकलेल्या मार्टिन डूजियामस यांनी २००२ साली मूडल ही प्रणाली सर्वांना विनामूल्य खुली केली. धडा, वही, शंका, उत्तर आणि सोबत्यांशी चर्चा, सारे एकाच जागी.

मग आली २०२० सालची टाळेबंदी. महाविद्यालये बंद झाली आणि तास मोबाइलच्या पडद्यावर आले. ‘आवाज येतोय का?’ हे वाक्य आम्ही प्राध्यापकांनी किती वेळा उच्चारले, त्याची गणतीच नाही! पलीकडे पन्नास नावे दिसत, बोलत कोणी नसे. कुठे रेंज नाही, कुठे घरात फोन एक आणि भावंडे तीन. व्याख्यान पोहोचले, शंका काही परत आली नाही.

टाळेबंदी सरली, तरी पडद्यावरचे वर्ग पुरते गेलेले नाहीत. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबातला, दिवसा नोकरी करणारा विद्यार्थी त्यांचा आधार घेऊ पाहतो. त्याला धडा पाठवला की झालं, असं आपण समजू नये. त्याची शंका कोण ऐकणार, केव्हा ऐकणार, हे वेळापत्रकात आधी लिहावे, धडा त्यानंतर.